आजीचा आवाज कुणी नेला?

"मुंगे, पिशवी! मुंगे, छत्री! मुंगे, बाळाची बाटली राहिली की गाडीत!"

मुंगीच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या, बगलेत उशी होती आणि गाडीची किल्ली तिनं दातांत धरली होती. बाटली आता काय नाकावर ठेवू का, असं तिला विचारायचं होतं. पण किल्लीमुळे तोंड उघडता येईना!

तिला मुंगी म्हणायचे ते उगाच नाही. बारा वर्षांची, अंगानं काडी, पण घरातलं उचलायचं जे जे असेल ते फिरून फिरून तिच्याच हातात यायचं. आज तर ती उभ्याउभ्या झोपली असती. आज दौऱ्याचा पाचवा दिवस होता ना!

हा दौरा म्हणजे बाबांचं डोकं. बाबा बसडेपोत वेळापत्रकं आखायचे. पानगळीची सुट्टी लागली तसा त्यांनी फ्रिजवर एक तक्ता चिकटवला आणि निघताना तो सोबतही घेतला. पाच दिवसांत सात नातेवाईक, एक तलाव, एक संग्रहालय! प्रत्येक नातेवाइकाला अडीच तास. सोमवारी आजीपासून सुरुवात आणि शुक्रवारी परत आजीकडेच शेवट. तलावावर गेले तर तिथे धुकं होतं. संग्रहालय बंद होतं. बाळाला पहिला दात येत होता, त्यामुळे ते रात्रभर रडायचं. आई गाडीत बसल्या बसल्या डुलक्या घ्यायची आणि आठ वर्षांचा भोवरा दर दहा मिनिटांनी विचारायचा, "आता कुणाचे गालगुच्चे सहन करायचेत?"

आजीच्या अंगणात सफरचंदाच्या झाडाखाली पिवळ्या पानांचा ढीग पडला होता. पानांत लालभडक सफरचंदं तशीच लोळत होती. मुंगीला जरा नवल वाटलं. आजी एक फळ वाया जाऊ द्यायची नाही!

दारात आत्या उभी होती. बाबांची मोठी बहीण. ती एका मोठ्या गोदामाची व्यवस्थापक होती आणि कुठलीही वस्तू नेमक्या फळीवर ठेवल्याशिवाय तिला चैन पडत नसे. तिच्या मागून तिची मुलगी धावत आली. मुंगीच्याच वयाची. तिला सगळे टकळी म्हणत, आणि तिची टकळी सुरू झाली की भलेभले हात टेकत.

"कळलं का?" टकळी कुजबुजली. "आजी बोलतच नाही! सोमवार रात्रीपासून एक शब्द नाही. फोन घेत नाही. घरात गळ्याभोवती मफलर गुंडाळून बसलीये. आई म्हणते, तिचं मन खचलंय. तिला आता एकटं ठेवायचं नाही."

"मग? आमच्याकडे येणार?"

"छे गं! वृद्धाश्रमात. आई सकाळी खोली बघून आली. चार वाजता तिथले व्यवस्थापक फॉर्म घेऊन येतायत. आजीनं सही केली की संपलं!"

मुंगीच्या हातातली पिशवी धपकन खाली पडली. आजी आणि गप्प? आजीनं एकतीस वर्षं रेल्वे स्टेशनवर घोषणा केल्या होत्या. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुठली उशिरा, हे सगळ्या गावाला तिच्या आवाजात कळायचं. आजही ती "जेवायला चला" म्हणाली की शेजारचेसुद्धा पानावर बसायचे! आणि हे घर, हे झाड सोडून ती एका खोलीत जाणार?

जेवताना सगळे असे दमलेले होते की कुणी कुणाकडे बघत नव्हतं. बाबा सूप पिता पिता पेंगत होते. मुंगी बाळाला कुस्करलेला बटाटा भरवत होती. आजी कोपऱ्यात, सगळ्यांकडे पाठ करून बसली होती. तिच्या वाटीतही कुस्करलेला बटाटाच!

"आजी बाळासारखंच खाते!" भोवरा ओरडला.

"भोवऱ्या, गप्प बस!" आई दटावून म्हणाली.

पण मुंगीचा चमचा हवेतच थांबला. तिनं बाळाकडे पाहिलं. बाळ हिरड्यांनी बटाटा चघळत होतं, त्याची हनुवटी वर-खाली होत होती. तिनं भिंतीवरच्या आरशातून कोपऱ्यातल्या आजीकडे पाहिलं. मफलरच्या आत आजीचीही हनुवटी अगदी तशीच वर-खाली होत होती.

जेवणं झाली. मोठी माणसं जिथे बसली तिथेच झोपली. आत्या तर हातात यादी धरून घोरत होती! मुंगी हळूच मागच्या खोलीत गेली. आजी कपाटापुढे उभी होती. तिनं फळीवरचा शिवणाचा डबा काढला, त्यात पाहिलं, परत ठेवला. रेडिओ उचलला, ठेवला. उशीखाली पाहिलं. मग पुन्हा शिवणाचा डबा काढला.

"आजी," मुंगीनं दार लावून घेतलं आणि अगदी हळू विचारलं, "तुझे दात हरवलेत का गं?"

आजीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग मान डोलावली. आणि ती, अख्ख्या स्टेशनाला हलवणारी आजी, पलंगावर बसून मुसमुसायला लागली.

"नवी कवली..." ती पुटपुटली. "कुते तेवली, आतवत नाई. खलंच आतवत नाई गं. तुजी आत्या बलोबल बोलते. माजं दोकं गेलं."

मुंगीला एवढं वाईट वाटलं की तिचा शीण कुठल्या कुठे गेला. आजीला लाज वाटत होती ती बोबड्या आवाजाची. पण त्याहून मोठी भीती बसली होती ती दुसरीच. आपल्याला आता काही आठवत नाही, असं तिला स्वतःलाच वाटायला लागलं होतं!

मुंगीनं फळी पाहिली. सगळीकडे धूळ होती आणि शिवणाचा डबा व रेडिओ यांच्या मधोमध एक स्वच्छ गोल जागा. ताटलीएवढी.

"आजी, इथे काय होतं?"

आजीनं बोटांनी हवेत चोच काढून दाखवली. बदक!

बदकाचं चित्र असलेला बिस्किटांचा गोल डबा! सोमवारी दुपारी आजी झोपली होती, तेव्हा निघायच्या घाईत बाबांना आठवलं की काकासाठी काहीच घेतलेलं नाही. "हा गेल्या वर्षी आपणच दिलेला डबा. रिबीनसुद्धा सुटली नाही. आईला दुसरा आणू. मुंगे, धर!" आणि मुंगीनंच तो गाडीत नेला होता. आत काहीतरी खुळखुळलं, तेव्हा तिला वाटलं, बिस्किटं मोडली असतील.

"कवळी त्यात ठेवली होतीस?"

आजीनं डोळे मोठे केले. मग तिनं आपल्या हिरड्यांकडे बोट दाखवलं, "दुखत ओत्या," आणि भोवऱ्याच्या नावानं एक टप्पल हवेत मारली. दिसेल ते उचकटणाऱ्या भोवऱ्याच्या हाती लागू नये म्हणून तिनं कवळी रुमालात गुंडाळून बिस्किटं केव्हाच संपलेल्या त्या डब्यात घातली होती आणि वर रिबीन होती तशी बांधून टाकली होती!

"आजी, तुझं डोकं जागेवर आहे. डबाच जागेवर नाही! रडू नकोस. आणि मी येईपर्यंत सही करू नकोस, काय वाटेल ते झालं तरी!"

अंगणात तिनं टकळीला आणि भोवऱ्याला सगळं सांगितलं.

"काकाकडे गेला ना तो डबा?" टकळी उडालीच. "मग तो मंगळवारी काकानं आमच्याकडे आणला! आमच्या घराण्यात तो डबा कुणी खातच नाही. सगळे एकमेकांना देतात! आणि आईनं आज सकाळी तो..." तिचा चेहरा पडला. "वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकांना दिला."

घड्याळात सव्वातीन वाजले होते.

"कुठे निघालात?" आईनं एक डोळा उघडून विचारलं.

"पानं गोळा करायला. शाळेचं काम आहे," टकळी पापणीही न लववता म्हणाली.

"मग बाळाला पण न्या, राजांनो. मला अर्धा तास झोपू द्या."

घ्या! तिघांची मोहीम चौघांची झाली. बाबागाडी ढकलत, ओल्या पानांवरून घसरत ते स्टेशनामागच्या गल्लीत शिरले. चाक खड्ड्यात अडकलं की मुंगी ते उचलायची. तिचे हात नुसते भरून आले होते.

वृद्धाश्रमाच्या कचेरीत एक टक्कल पडलेले गृहस्थ कागदांवर शिक्के मारत बसले होते. मुंगीनं त्यांच्या मागच्या फळीकडे पाहिलं आणि तिचं अवसानच गळालं. फळीवर बदकाचे नऊ डबे होते! सगळे सारखे, सगळ्यांना रिबीन.

"स्टेशनाजवळच्या दुकानात दुसरं काही मिळतच नाही," व्यवस्थापक थकल्या आवाजात म्हणाले. "आईवडलांना इथे ठेवायला आलं की प्रत्येक जण हाच डबा आणतो. मला तर गोड चालतही नाही. बोला, काय काम आहे?"

"त्यातला एक डबा आमचा आहे," मुंगी म्हणाली. "चुकून आलाय. परत हवाय."

"वा! दिलेली वस्तू परत कशी देणार? उद्या प्रत्येक जण मागायला येईल. चला, मला चार वाजता एकीकडे जायचंय."

मग टकळीनं पदर खोचावा तशा बाह्या सरसावल्या. "काका, बिस्किटांचा डबा म्हणजे ज्यात बिस्किटं असतात तो. बरोबर?"

"बरोबर."

"ज्यात बिस्किटं नाहीत तो बिस्किटांचा डबा नाही. मग तो तुम्हाला कुणी दिलेलाच नाही. म्हणजे तुम्ही तो परत देत नाही, नुसता ज्याचा त्याला देताय!"

व्यवस्थापकांनी शिक्का खाली ठेवला. "डोकं दुखवलंस बाई. घ्या, हलवून बघा. पण उघडायचा एकच!"

भोवऱ्याला कुणी काहीतरी हलवायला सांगितलं, हे जन्मात पहिल्यांदाच घडत होतं! त्यानं एकेक डबा कानाशी धरला. धप. धप. धपधप. सगळ्यांत घट्ट भरलेली बिस्किटं. सहावा डबा, धप. सातवा... खुळ्ळ!

"हाच!"

व्यवस्थापकांनी रिबीन सोडली, झाकण काढलं, रुमाल उलगडला आणि खुर्चीसकट मागे सरकले. "अगं आई गं! दात!"

बाळ बाबागाडीत खदखदून हसलं. चार दिवसांत पहिल्यांदाच.

"आमच्या आजीचे आहेत," मुंगी म्हणाली. बोलता बोलता तिला रडूच फुटलं. "ती वेडी नाही, खचलेली नाही. तिला नुसते दात नाहीत! तुम्ही आज जिच्या सहीसाठी जाणार आहात ना, तीच आमची आजी!"

गृहस्थ खुर्चीतून उठले. त्यांनी कवळी रुमालात नीट गुंडाळून तिच्या हातात दिली आणि टोपी उचलली. "चला. मला यायला तर हवंच. पण मी जरा हळू चालतो. तुम्ही पळा!"

चारला पाच कमी असताना मुंगी मागच्या दारानं आत शिरली. आजीनं रुमाल उघडून पाहिला, मुंगीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि मोरीकडे गेली. पाण्याचा आवाज आला.

चार वाजले तेव्हा पुढच्या खोलीत सगळे जागे होऊन बसले होते. टेबलावर पेन ठेवलेलं होतं. व्यवस्थापक टोपी मांडीवर घेऊन बसले होते आणि फॉर्म काही केल्या पिशवीतून काढत नव्हते.

"आईला बोलवा," आत्या म्हणाली. तिचे डोळेही लाल होते. "मला का हे करायची हौस आहे? पण ती एकटी, अशी मुकी..."

तेवढ्यात दार उघडलं. आजीनं मफलर काढला होता. ती ताठ उभी राहिली, तिनं घसा खाकरला आणि खिडकीच्या काचा थरथरल्या.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! चार वाजता वृद्धाश्रमाकडे जाणारी गाडी रद्द करण्यात आली आहे. प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्हाला अजिबात खेद नाही!"

आत्याच्या हातून यादी गळाली. बाबा उठून उभेच राहिले. मग काय, एकच गोंधळ! टकळीनं सगळी हकिगत एका दमात सांगितली. डब्याचं नाव निघालं तसे बाबा लाल झाले.

"आई, चूक माझी," ते म्हणाले. "मला वाटलं, नुसती बिस्किटं आहेत. घाईत होतो."

"घाईत होतास," आजी म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता. "मला भेटायला आलास तेही घाईत. अरे, पाच दिवस मी हे घर उलथंपालथं करतेय. दात गेल्याचं काही नाही रे. नवे आले असते. मला वाटलं, मीच हरवतेय. आणि तुम्ही सगळे हो हो म्हणत होतात."

आत्यानं पुढे होऊन आजीचा हात धरला. "चुकलं, आई. मी विचारायलाच हवं होतं. मी नुसती जागा शोधत बसले."

व्यवस्थापक टोपी घालून उठले. "इतकी शहाणी मुलं मी बघितली नाहीत. आमच्याकडच्या उरलेल्या आठ डब्यांतही काय काय असेल, कोण जाणे! एकदा येऊन हलवून जा बरं." त्यांनी टकळीपुढे हात जोडले. "ही बाई तेवढी वकील होऊ दे."

"आणि ही?" आत्यानं मुंगीला जवळ ओढलं. "आम्ही एवढी मोठी माणसं, आईकडे कुणी धड पाहिलं नाही. हिनं पाहिलं."

आजीनं ताटलीतलं सफरचंद उचललं आणि कडाडून चावा घेतला. कर्रकन आवाज झाला आणि बाळानं टाळ्या पिटल्या. मग आजीनं बाबांना हुकूम सोडला, "तो तुझा तक्ता आण इकडे." तक्त्यावर शनिवारच्या चौकोनात 'परतीचा प्रवास, सकाळी सात' असं होतं. आजीनं त्यावर आडवी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, 'कुणी कुठेही जायचं नाही.'

"मुंगे, ये इकडे," ती म्हणाली.

मुंगी सवयीनं उठली आणि हात पुढे करत म्हणाली, "काय उचलू?"

"काही नाही," आजी म्हणाली. "बस माझ्यापाशी."

मुंगी बसली. आजीच्या खांद्यावर डोकं टेकून, रिकामे हात मांडीवर ठेवून. आजी पुढे काहीतरी सांगत होती, पण ते ऐकायला मुंगी जागी नव्हती.