सात नंबरचं कार्ड

ही गोष्ट खरी आहे. पटली तर ठेवा, नाही पटली तर सोडून द्या. मला सांगणारे माझे सख्खे मामा होते. ते कधी खोटं बोलत नसत, असं मात्र मी म्हणणार नाही. एका बाईशी ते तीन दिवस खोटं बोलले होते. सगळं तिथूनच सुरू झालं.

साल १९६५, ऑक्टोबर महिना. जागा नंदुरबारकडची, तेव्हा आम्ही धुळे जिल्ह्यात होतो. तापीच्या काठावर कापसाचं एक संशोधन केंद्र होतं. वेळ दुपारी दोनची.

भुतं फक्त रात्रीच निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्याकडची ऑक्टोबरातली दुपार पाहिलेली नाही. रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही.

सुकलालमामा त्या केंद्रात 'कॉम्प्युटर' होते. हसू नका. तेव्हा आमच्याकडे हे माणसाच्या नोकरीचं नाव होतं. शेतातून आलेले आकडे जुळवायचे आणि हातानं चालणाऱ्या पंच मशीननं जाड कार्डांवर भोकं पाडायची. एक कार्ड म्हणजे एका माणसाचा एक दिवस. महिनाभराची कार्डं खोक्यात भरून शहराला जात. तिथलं मोठं मशीन ती भोकं वाचायचं. गावातली आमची गुजर मंडळी मामांना चिडवायची, "बापानं कापूस पिकवला, आणि हा कागदाला भोकं पाडतो."

त्या वर्षी कपाशीवर एक नवीन औषध मारून पाहत होते. फवारायला बायका भिल्ल वस्तीवरच्या. शेतात पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला नंबर होता. केंद्राचे प्रमुख चुनीलालसाहेब एक नंबर. मामा दोन. पुढे बायका. दगूबाई सात नंबर.

कार्डावर शेवटचा रकाना होता, 'त्रास'. औषधाचा त्रास नसेल तर शून्यावर भोक, असेल तर एकावर. काम संपलं की बायका मामांच्या खिडकीशी येऊन सांगायच्या. वाचता कुणालाच येत नव्हतं. मशीनचा आवाज ऐकला की आपलं लिहिलं गेलं, असं त्या समजायच्या.

टक.

सप्टेंबरात एक दिवस दगूबाई खिडकीचा गज धरून उभी राहिली.

"भाऊ, मन्हं डोकं गरगर फिरी ऱ्हायनं. लिखी ले."

मामांनी साहेबांकडे पाहिलं.

"शून्य मारा," साहेब म्हणाले. "एका बाईला चक्कर आली म्हणून वर्षाचं काम पाण्यात घालता का?"

मामांनी शून्य मारलं. आवाज तोच.

टक.

"लिखं का, भाऊ?"

"लिखं."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिच्या तोंडातून लाळ गळत होती, डोळ्यांतल्या बाहुल्या बारीक झाल्या होत्या. तरी मामांनी शून्यच मारलं. चौथ्या दिवशी ती कपाशीत कोसळली. बैलगाडीतून दवाखान्यात नेताना वाटेतच गेली.

तिच्या शेजारच्या ओळीत फवारणारी धनुबाई मामांना म्हणाली, "मी तिले सांगं, घर ऱ्हाय. ती म्हने, भाऊनी लिखी लिधं शे, सायब आते दवाई बदली देई. म्हनीसन कामवर उनी."

लिहिलं गेलं या भरवशावर दगूबाई कामावर येत राहिली, हे ऐकून मामांना दोन दिवस जेवण गेलं नाही. पण कार्डं त्यांनी बदलली नाहीत. खोकं शहराला गेलं.

पंधरा दिवसांनी मामा डबा खाऊन कचेरीमागे हात धूत होते. दाराला कुलूप होतं. किल्ली त्यांच्या खिशात होती.

आतून आवाज आला...

टक.

त्यांनी कुलूप काढलं. आत कुणी नव्हतं. मशीनमध्ये एक कार्ड होतं. नंबर एक. तारीख त्याच दिवसाची. शेवटच्या रकान्यात भोक एकावर.

साहेबांनी ते टराटरा फाडलं. "कोणाचा चावटपणा आहे, बघतोच मी."

संध्याकाळी साहेबांना चक्कर आली.

दुसऱ्या दिवशी साहेब हट्टानं मशीनसमोर बसले. मामा बाजूला. दोन वाजले. दोघांच्या देखत कळ खाली गेली...

टक.

साहेब ओरडायला गेले, पण तोंडातून शब्दाऐवजी लाळ आली. ती थांबेचना. तिसऱ्या दिवशीचं कार्ड मामांनी एकट्यानं काढलं. चौथ्या दिवशी साहेब गेले. डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होते, अंगावर औषध सांडलं होतं का? साहेबांनी जन्मात कधी पंप हातात धरला नव्हता.

मामांनी त्याच दुपारी दगूबाईची तिन्ही कार्डं नव्यानं पाडली. तिन्हींवर एक. सोबत चिठ्ठी लिहिली, 'आधीची खोटी होती, मीच पाडली.' पाकीट रजिस्टर पोस्टानं शहराला पाठवलं. मग रिकाम्या खिडकीसमोर हात जोडले.

"लिखं वं दगूबाई. खरं लिखं."

आठ दिवस काही झालं नाही. मामांना वाटलं, सुटलो.

नवव्या दिवशी...

टक.

नंबर दोन. शेवटी एक.

मामांच्या डोळ्यांपुढे कपाट गरगर फिरलं. घरी मामीला, म्हणजे जमनाबाईला, त्यांनी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा कार्ड. रात्री भाकरी गिळताना लाळ आवरेना. मामीनं आरसा पुढे धरला. बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. मामा एकतीस वर्षांचे होते, घरात दोन लहान मुलं. त्यांना मरायचं नव्हतं. हे ते मला उघड सांगायचे, लाज न धरता.

तिसऱ्या दिवशी ते भिंत धरून कचेरीत गेले. दोनला थोडा वेळ असताना पोस्टमन शहरातलं पाकीट देऊन गेला. आत त्यांचीच तीन कार्डं होती आणि टाईप केलेल्या दोन ओळी.

'आपली कार्डे परत पाठवीत आहोत. "त्रास" हा रकाना आमच्याकडे सुरुवातीपासूनच मोजणीत घेतला जात नाही, सबब दुरुस्तीची आवश्यकता नाही.'

मामांनी ते तीनदा वाचलं. ज्या शून्यासाठी बाई मेली, ते कुणी वाचतच नव्हतं. त्यांना आधी हसू आलं, मग रडू फुटलं.

तेवढ्यात गजावर बोटं दिसली...

नुसती बोटं. वर चेहरा नव्हता.

"काय लिखेल शे, भाऊ?"

इकडे मशीनची कळ अर्धी खाली जाऊन थांबली होती. मामांच्या मनात आलं, सांगून टाकावं की तुझं सगळं लिहून घेतलंय. पण त्या बाईशी पुन्हा खोटं बोलायला त्यांची जीभ वळेना.

"तुन्हा रकाना त्या वाचतसच नहीत वं, दगूबाई. पहिलेपाईन."

गजावरची बोटं घट्ट आवळली गेली.

मग तिनं विचारलं,

"हाऊ कागद कथाईन उना?"

कागद कुठून आला, ते पाकिटावर छापलेलं होतं. मामांनी पाकिटाकडे पाहिलं. मग अर्ध्यावर थांबलेल्या कळीकडे पाहिलं.

आणि त्यांनी पत्ता वाचून दाखवला. रस्ता, इमारत, मजला. खाली सही करणाऱ्याचं नाव. सावकाश वाचलं, तिच्या लक्षात राहील असं.

कळ वर आली.

गजावरची बोटं सुटली. पावलांचा आवाज शेताकडे गेला नाही...

तो रेल्वे स्टेशनच्या रस्त्याला लागला.

आठवडाभरात मामांचे डोळे बरे झाले. शहरातल्या त्या कचेरीला सावध करायला त्यांनी तार केली नाही, पत्रही लिहिलं नाही. तिकडे काय झालं, हे कधी कुणाला विचारलं नाही. एकोणऐंशी वर्षं जगले. शेवटच्या आजारपणात माझा हात धरून म्हणाले, "ती आपणहून गेली नाही रे. मी धाडली तिला."

ते पाकीट आता माझ्याकडे आहे. पत्ता अजून स्वच्छ वाचता येतो. चौकशी करावी असं दर वर्षी मनात येतं.

मी अजून केलेली नाही. सही करणाऱ्याचं पुढे काय झालं, हे मला कळायला नको आहे.