मागच्या दोन चाकांचे नट

मोटार चालू झाली तर दोधू पाटलांना काय मिळणार होतं, ते सगळ्या ब्राह्मणपुरीला ठाऊक होतं. गावातली पहिली मोटार, आणि विसरवाडीच्या विहीणबाईंचं बंद तोंड. पाटलांच्या बायकोला, सुंदरबाईला, काय मिळणार होतं ते कोणी विचारलं नव्हतं. तिला तिची बेबी मिळणार होती.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, आणि चार दिवस कोणाच्या सुना नसतात. बेबीच्या दोन आखाजी मात्र सासरीच गेल्या. जावई विसरवाडीला लाकडाच्या वखारीत कारकून होता आणि त्याच्या आईच्या, फुलवंताबाईच्या, अंगात ती कारकुनी मुरली होती. दोधू पाटील गाडी जुंपून लेकीला आणायला गेले, तर बाईनं पाणी दिलं, चहा दिला आणि उंबऱ्यातूनच निकाल दिला, "आमनी सून बैलगाडीमा बसाव नही. मोटार लई या, मंग लई जा." दुसऱ्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी, सन छत्तीसच्या चैत्रात, पाटलांनी मोटार आणली.

आणली म्हणजे वाळूतून उपसली. एका ठेकेदाराची ती मोटार गेल्या भादव्यात प्रकाशा गावच्या उताराशी तापी ओलांडताना पाण्यात गेली होती. पुढे पाणी ओसरल्यावर मोटार सापडली, ड्रायव्हर सापडला नाही. ठेकेदारानं दोघांचाही नाद सोडला. पाटलांनी चार बैल लावून ती गावात ओढत आणली, तेव्हा पारावरून कोणीतरी ओरडलं, "पाटील, बैल आत बसाडा नी तुम्ही वढा!" पाटील हसले नाहीत. मोठेपण विकत घेतलेल्या माणसाला हसणं परवडत नाही.

दुरुस्तीला भाचा होता, हिलाल. शहाद्याच्या कापसाच्या जिनात एंजिनावर कामाला. सुट्टी काढून तो मामाच्या अंगणात येऊन बसला. मामीच्या हातच्या कळण्याच्या भाकरीवर त्याचा जीव होता, त्यामुळे कामाची घाई त्याला तशी नव्हती. तरी एंजिन त्यानं सुरू केलं. पुढची चाकं ओढून आणतानाच मोकळी झाली होती. मागची दोन मात्र जाम. आत वाळू बसलेली, आणि चाक उतरवल्याशिवाय ती निघणार नाही. प्रत्येक चाकाला पाच नट. गंज असा चढलेला की नट कुठे संपतो आणि चाक कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं.

"ह्या मोटारनं एक ध्यानमा ठेवा," हिलाल सगळ्यांना सांगायचा. "उजवं चाक सरळ खुलस. डावाना आटा उलटा शेतस. जो हाई चालाडस, त्यालेच ठाऊक."

ठाऊक असून उपयोग झाला नाही. त्यानं तारेच्या ब्रशनं गंज घासला, घासलेट सोडलं, एरंडेल सोडलं, गोवऱ्यांचे निखारे धरले, हातोडीनं ठोकलं, पान्याला नळी अडकवून तिच्यावर उभा राहिला. नळी वाकली.

"जिनमा कितला मोठा एंजिन खोलस म्हने!" पाटील ओसरीवरून म्हणाले. "आठे एक नट हालत नही."

"मामा, हाऊ नट नही, तापीमायनी गाठ शे." हिलालनं कपाळ पुसलं आणि मामीकडे पाहून डोळा मिचकावला. "मामी, आते तूच काही मंतर टाक."

सुंदरबाई बाजारात वांग्याच्या वाट्यावर दोन जास्तीची घेतल्याशिवाय उठत नसे. पण मंतर तिला येत नव्हते. तिला येत होतं ते प्रत्येक आईला येतं. ती उजव्या चाकापुढे बसली, आजारी लेकरावरून फिरवावेत तसे दोन्ही हात चाकावरून फिरवले आणि बोटं स्वतःच्या कानशिलांवर मोडली. "सोडी दे वं माय. मन्ही बेबी येऊ दे. तुन्ही इडापिडा माले."

बोटांपैकी एकच वाजलं. उजवी करंगळी.

हिलालनं हसत पाना लावला. तसाच आवाज झाला आणि नट फिरला.

सगळे हसले. पाटीलसुद्धा. हिलालनं नट हातात घेतला आणि त्याचं हसू थोडं कमी झालं. "मामी, हाऊ त गरम शे."

"उन्हमा पडेल व्हती ना मोटार."

"सावलीमा शे."

सुंदरबाईनं करंगळी चोळली. तिथे मुंग्या नव्हत्या, कळ नव्हती. काहीच नव्हतं.

दुसरा नट तिच्याशिवाय हलला नाही. ती आली, हात फिरवले, बोट मोडलं, नट सुटला. तिसराही तसाच. उजवं चाक उतरलं तेव्हा तिनं चुलीशी जाऊन उजव्या हातानं तवा धरला. कातडी पांढरी पडलेली दिसली, वास आला. तिनं तवा खाली ठेवला आणि हाताकडे बघत बसली. भीती वाटायला हवी होती. तीही त्या बोटांसारखीच झाली होती.

डावं चाक राहिलं. हिलालनं दोन दिवस तिला बोलावलं नाही. तिच्याकडे बघणंही तो टाळत होता. उलटे आटे उलटे फिरवून त्याच्या हातांची सालटी निघाली.

"ऱ्हाऊ दे," पाटील शेवटी म्हणाले. "नशीबमा नही. बेबीले पुढला साल आनू."

सुंदरबाईनं हिशेब केला. तो तिला लवकर जमला. पदर खोचून ती डाव्या चाकापुढे जाऊन बसली.

"मामी, नको," हिलाल हळूच म्हणाला.

"पाना लाव."

डावं चाकही उतरलं, वाळू निघाली, आणि दहाही बोटं गेली. आखाजीच्या आदल्या दिवशी पाटील आणि हिलाल विसरवाडीहून लेकीला घेऊन परत यायला निघाले होते, तेव्हा सुंदरबाई मांडे करत होती. मांडा हातांवर झुलवत वाढवायचा आणि तापलेल्या खापरावर टाकायचा. डोळ्यांपेक्षा हातांचं काम. तिला कणकेचा स्पर्श लागत नव्हता, म्हणून ती नजरेनं करत होती.

मग तिला काहीतरी लागलं.

धूळ. गरम, मऊ. मग खडे. बोटांच्या टोकांखालून ते भराभर सरकत होते. मांडा खापरावर फाटला. तिनं हात वर धरले. हवेत धरलेल्या हातांखालून रस्ता जात होता.

उतार आला. वाळू आली.

पाणी आलं, तापीचं. गार.

पाण्यात दुसरे हात होते, पान्याचे घट्टे पडलेले.

त्यांनी तिची बोटं धरली. ओढली नाहीत. चाचपली, एकेक करून, नट मोजावेत तशी.

संध्याकाळ व्हायच्या आत मोटार अंगणात शिरली. अर्धं गाव मागे धावत होतं. पाटील उतरले ते दोन वीत उंच होऊन. "फुलवंताबाई उघडा तोंडनी देखतच ऱ्हायनी!" मग बायकोला म्हणाले, "तापीमा पानी घोटाइतलंच. भरकन निंघी गई. कोनी आडवं उनं नही."

हिलाल मागच्या चाकांकडे न बघता हात धुवायला गेला.

बेबी धावत आली आणि आईच्या गळ्यात पडली. सुंदरबाईनं दोन्ही तळव्यांत तिचा चेहरा धरला. गाल भरले होते की उतरले होते, ते तिला बघूनच कळलं.

"माय, तुन्हा हात कितला गार शेतस!"

"मांडा करी ऱ्हायनी व्हती," सुंदरबाई म्हणाली.

"अन् हाई काय? जळेल शे!" बेबीचे डोळे भरले. लेक ती. तिला जे येत होतं ते आईकडूनच आलेलं. तिनं आईच्या हातांवरून स्वतःचे हात फिरवले. सुंदरबाईला ते कळलं तेव्हा बेबीचे हात कानशिलांपर्यंत गेले होते. तिनं ते पकडायला हात पुढे केले. बोटं मिटली नाहीत.

"मन्ही मायनी सगळी इडापिडा माले."

दहाही बोटं एकदम मोडली. आवाज मात्र मोटारीखालून आला.

सुंदरबाईच्या हातांत आग पेटली. तव्याची सगळी भाजणूक एकदम परत आली आणि ती ओरडली. लोकांना वाटलं, लेक आली म्हणून रडते.

दुसऱ्या दिवशी लिंबाला झोका बांधला. मोटार तिथेच सावलीत उभी होती, कोरडी. बेबी झोक्यावर बसली. मैत्रिणींनी गाणं उचललं.

"माय," बेबीनं हसत विचारलं, "दोर ओला शे का?"

दोर कोरडा होता. सुंदरबाईनं तो आपल्या बोटांनी पाहिला. प्रत्येक पीळ लागला.

पाटलांना मोटार मिळाली. हिलालला भाकरी मिळाली, पण तो जेवला नाही. सुंदरबाईला लेक मिळाली आणि हातही परत मिळाले. ह्यात तिनं काहीच दिलं नव्हतं. दिलं ते बेबीनं. ती झोका थांबवून आपल्या हातांकडे बघत होती, आणि कोणी न धरलेली तिची बोटं सावकाश वळत होती. उजवी सरळ, डावी उलटी.