चेहरे तीनच मावतात

मी नसती बडबड करणारी बाई नाही. मांडवीत घरच्याच पडवीत कॉम्प्युटर टाकून बॅनर करते. वाढदिवसाचे, दुकानाच्या उद्घाटनाचे, निवडणुकीत निवडून आलेल्यांचे आणि पडलेल्यांचेसुद्धा. कोणाचे डाग पुसायचे, कोणाच्या टकलावर केस चढवायचे, हे मला कोणी शिकवायला नको. डोकं ठिकाणावर आहे तोवर हे सांगून घेते.

गणपतीपुळ्याला येणारी माणसं दिवाळीच्या सुट्टीत आमच्या माडीवरच्या खोल्यांत उतरावीत, म्हणून ज्ञातिमंडळाच्या वेबसाइटवर जाहिरात द्यायचं ठरलं. आमच्याकडे जाहिरातीत खोली कमी आणि माणसं जास्त. खाली 'आपले नम्र' आणि ओळीने घरातले चेहरे. सासरे हरिश्चंद्र, म्हणजे अण्णा. सासूबाई. माझा नवरा सुजय, आणि मी. सुजय जहाजावर असतो, जानेवारीत यायचा होता. त्याचा केबिनमधला फोटो जरा काळपट आला होता, तो मी छान उजळून घेतला. स्वतःशीच हसले पण. जहाजावरचा माणूस, निदान बॅनरवर तरी घरी आला.

बॅनर पाठवला आणि परत आला. मंडळाची वेबसाइट मुंबईहून स्वरूप बघतो, सुजयचा शाळेपासूनचा दोस्त. मी फोन लावला.

"वहिनी, साइज ठरलेली आहे. त्यात चेहरे तीनच मावतात. एक कमी करा."

"कोणाला कमी करू? अण्णांना काढलं तर ते आठवडाभर धड बोलायचे नाहीत."

"ते तुमचं तुम्ही बघा."

मुंबईत बसून उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय मेल्याचं!

आता बघा, सासूबाईंना काढायची सोय नव्हती. ऐन दिवाळीत मानपान सुरू झाला असता. बुकिंगचे फोन मी घेणार, म्हणजे माझा चेहरा हवाच. राहिला आपला हक्काचा माणूस. नवरा थोडाच रुसणार? सुजयला उचलला, उरलेले तिघे एकमेकांजवळ सरकवले आणि पाठवून दिला. संध्याकाळी बॅनर झळकला.

सासूबाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ धरून बघितला. "झकास झालंय गो! घरातली सगळी आली."

"सुजय राहिला ना."

त्या फोटोकडेच बघत होत्या. "कोण राहिला?"

मला वाटलं, वय झालंय, ऐकू आलं नसेल. पण अण्णांनीही पेपरातून डोकं वर काढलं. "कोण गो?" अगदी सभ्यपणे विचारलं, पाव्हण्यांची चौकशी करावी तसं.

सुजयला फोन लावला तर लागेना. समुद्रात रेंज नसते, ते ठीक. पण व्हॉट्सअॅपवर त्याच्या नावाशेजारचा फोटो गेला होता. मेसेज होते, सगळे माझेच. 'जेवलास का?' 'थंडी आहे का तिकडे?' 'हसतोस काय?' त्याचं एकही उत्तर नव्हतं. इतके दिवस मी एकटीच विचारत बसल्यासारखं दिसत होतं.

सकाळी उठून चौघांचा बॅनर पुन्हा केला. चेहरे बारीक केले, साइज तंतोतंत बसवली. दुपारी स्वरूपचा फोन आला.

"ताई, बॅनर परत करतोय. आपल्याकडे बाहेरच्या माणसाचा फोटो चालत नाही."

"बाहेरचा? अरे मेल्या, शाळेत तुझ्या बाकावर बसायचा तो!"

तो हळूच म्हणाला, "माझ्या बाकावर मी एकटाच असायचो, ताई."

कालपर्यंत मी त्याची वहिनी होते.

मी धावत जाऊन कपाट उघडलं. सुजयचे शर्ट नव्हते. माझ्या साड्या दोन्ही कप्प्यांत नीट पसरून ठेवल्या होत्या. मधे कुठेही रिकामी जागा नव्हती.

मग मात्र मी रडले, ओरडले. अण्णांचा हात घट्ट धरला. "मग मी इथे कोण? सांगा ना! सून ना मी तुमची?"

अण्णा कळवळले. डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "असं काय बोलतेस बाय? लेक हायस आमची."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. खोटं बोलत असते तर भांडता तरी आलं असतं. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि तिथेच माझं बळ संपलं.

कॉम्प्युटरवर मूळ फाइल उघडली. त्यातही तीनच चेहरे. प्रत्येक चेहऱ्याचा वेगळा थर असतो, तसा चौथा लेयर होता, पण कोरा.

तो हसायचा कसा, ते मी सारखं आठवून बघते. दात दिसायचे का? मिशी होती का त्याला?

होती बहुतेक.

आज आई खुशीत आहे. वेबसाइटच्या वधू-वरांच्या पानावर माझं नाव घालायचं म्हणते. "फोटो तूच बनव गो. तुझ्यासारखा हात कोणाचा नाय."

जुन्यांतला एक निवडलाय. जेटीवरचा, मोरपंखी साडीतला. एवढी मनापासून हसलेली मी कधी होते, कोण जाणे. फक्त डाव्या बाजूला कुणाचा तरी खांदा येतोय, आणि त्यावर माझा हात आहे.

खांदा कापला. बोटं अधांतरी दिसायला लागली, ती पदराने झाकली आणि फोटो पाठवून दिला.