वाटचं बोलणं

मुलीच्या त्या पत्राला मास्तरांनी उत्तर दिलं नव्हतं. आज लिहू, उद्या लिहू म्हणता म्हणता वर्षं उलटली, आणि मग लिहायला तोंडच उरलं नाही...

‘बाबा,’ तिनं लिहिलं होतं, ‘मुख्याध्यापिका झाल्यानंतरचा माझ्या शाळेचा हा पहिला समारंभ. पाहुणे म्हणून तुम्हीच या आणि बोला. मोठं भाषण नको. ही माझी मुलगी, एवढंच चार माणसांत तुमच्या तोंडून एकदा ऐकायचंय. तेवढंही जमणार नसेल, तर मग येऊच नका.’

एवढंच! पण चार माणसं म्हटली की मास्तरांची जीभ टाळूला चिकटे. अंगात कणकण आहे असं सांगून ते घरी राहिले. बायको एकटी गेली, त्यांच्या वाटचंही बोलली, आणि परत आल्यावर पिशवी खाली ठेवत म्हणाली, “टाळ्या पुष्कळ पडल्या हो. पोरगी मात्र सारखी दाराकडे बघत होती.”

तेव्हापासून मुलीचे फोन यायचे ते आईला.

मास्तर नावाचेच; ते छापखान्यात प्रुफं तपासत. ते काम जोडीचं. एकानं मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचा, तोही विरामचिन्हांसकट, आणि दुसऱ्यानं छापलेल्या कागदावर चुका टिपायच्या. वाचायला त्यांची बायको बसे. “संध्याकाळ झाली स्वल्पविराम दिवे लागले पूर्णविराम,” असा तिचा स्वच्छ, भरलेला आवाज यंत्रांच्या खडखडाटातूनही ऐकू यायचा. मास्तरांची खूण करून झाली की ते पेन्सिलीनं टेबलावर दोनदा टकटक करत. म्हणजे, पुढे. सगळा संसार त्यांनी याच रीतीनं केला होता. घरमालकाशी भांडायचं तिनं, डॉक्टरला विचारायचं तिनं, आणि मास्तरांनी शेजारी बसून मान डोलवायची! ‘मास्तरांचा लाउडस्पीकर’ असं खिळे जुळवणारे जुळारी तिला तोंडावर म्हणत, आणि तीही खळखळून हसे.

...आणि तोच आवाज गेला. घशात गाठ निघाली, शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला; पण कंठातून पुन्हा शब्द म्हणून फुटला नाही. ती गळ्यात पाटी अडकवून हिंडू लागली. मुलीचा फोन आला की ती रिसीव्हर कानाला लावून ऐके आणि उत्तरादाखल त्यावर नखानं टिचक्या मारी. मास्तर शेजारीच उभे असत.

“आई, बाबा आहेत का गं तिथे?” एकदा पलीकडून आवाज आला. तिनं रिसीव्हर त्यांच्यापुढे धरला. मास्तरांचा हात उचलला गेला, तसाच खाली आला.

“असू दे,” पलीकडून मुलगी म्हणाली.

आता तिच्या आवाजाबरोबर छापखान्यातलं दोघांचं कामही संपलं होतं. निरोप समारंभाचं सांगायला मालक स्वतः घरी आले.

“दरवेळी वहिनीच बोलायच्या,” ते अवघडून म्हणाले. “या खेपेला आपलं मीच दोन शब्द बोलून घेतो. मास्तरांना कशाला संकटात टाका?”

मास्तरांनी सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात पाटीवर खडू करकरला. ‘हे बोलतील.’

“अगं, वेड लागलंय का तुला? माझी फजिती बघायचीय सगळ्यांना?”

तिनं पाटी पुसली. डोळे भरून आले होते, पण अक्षर हललं नाही. ‘जन्मभर तुमच्या वाटचं मी बोलले. आता माझ्या वाटचं तुम्ही बोला.’

मास्तरांनी कोरा कागद पुढे ओढला.

दुसऱ्या दिवसापासून जागा बदलल्या. मास्तर खोलीच्या कोपऱ्यात कागद धरून उभे राहून वाचत आणि ती पेन्सिल घेऊन समोर बसे. आवाज बुडाला की ती पाटी वर करी. ‘भिंतीला सांगताय का?’ कधी नुसतं, ‘घाबरट!’ त्यांना राग येई, घाम फुटे, पण ते पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करत.

समारंभाच्या दिवशी यंत्रं बंद होती. एवढी शांतता मास्तरांना सोसेना. जुळारी, बांधणीवाल्या बाया, सगळे बाकांवर दाटीनं बसलेले. मास्तरांनी कागद समोर धरला. त्यांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली.

“मित्रहो स्वल्पविराम...”

क्षणभर कुणाला काही कळेना. मग हास्याचा लोट उठला! “मास्तर, तिथं उद्गारचिन्ह हवं!” मागून फोरमन ओरडला. मास्तरांच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. बसावं, पळावं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं...

टक. टक.

पहिल्या रांगेतून, खुर्चीच्या हातावर. त्यांनी डोळे उघडले. हसत नव्हती ती फक्त त्यांची बायको.

त्यांनी कागद घडी करून खिशात घातला.

“हसा,” ते म्हणाले. “मला असंच बोलता येतं, कारण बोलणं मी हिच्याकडून ऐकत आलो. लग्नानंतर हिची रेडिओवर निवड झाली होती. बातम्या द्यायला. त्याच आठवड्यात माझ्यासोबत वाचणारा सोडून गेला. परक्या माणसापुढे माझा हात चालेना, नोकरी जायची वेळ आली. ही रेडिओत गेली नाही, इथं आली. का आली, ते बोलली नाही, मीही कधी विचारलं नाही. जो आवाज घराघरात ऐकू गेला असता, तो माझ्यासारख्या भित्र्या माणसापायी स्वल्पविराम वाचण्यात झिजला हो! आज तो नाही. आणि मी... मी हिला साधं...”

फोरमन खाली बघत होता. ती उठली, पुढे आली आणि पाटी न घेताच त्यांच्या दंडाला धरून उभी राहिली. तिचे ओठ हलले. आवाज आला नाही, पण मास्तरांना कळलं. बोला, ती म्हणत होती.

“...आमची मुलगी शाळा चालवते,” ते म्हणाले. “ती हिच्यावर गेलीय. मला तिचा फार अभिमान आहे. हे तिला ऐकायचं होतं. मी तुम्हालाच आधी सांगितलं!”

कुणीतरी डोळे पुसले. टाळ्या पडल्या की नाही, ते मास्तरांना नंतरही आठवेना.

सकाळी त्यांनी मुलीला पत्र लिहिलं. ‘यंदाच्या समारंभाला मला बोलव. शक्य झाल्यास येईन आणि बोलेन. मुलं हसतील, त्यांना हसू दे.’

बायकोनं ते वाचलं. पेन्सिल उचलली आणि ‘शक्य झाल्यास’वर आडवी रेघ मारली.

मास्तरांनी वाद घातला नाही. चपला घातल्या, कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत एकटेच गेले आणि पत्र टाकून आले.