फायरवॉल बंद करून बघा

मृतांच्या दिवसाची दुपार वटार गावात फार गप्प असते. सारं गाव कबरी सजवायला गेलेलं. घरात झेंडूचा नि मेणाचा वास, आणि पप्पा गेल्यापासून उरलेल्या दोघीच जणी: गुडघे धरून बसलेली ॲंजेला मम्मी आणि चर्चची वेबसाइट फुकटात सांभाळणारी तिची मुलगी सालोमी.

संध्याकाळी फादर दफनभूमीत ज्यांची नावं वाचणार, ती यंदा प्रथमच घरच्यांनी स्वतः वेबसाइटवर टाकायची होती. कुणाचं माणूस यादीतून राहिलं, तर ते घर ईस्टरपर्यंत सालोमीशी बोलणार नव्हतं. त्याचीच तिला धास्ती.

फोन वाजला.

"बाय… वेबसाइट उघडत नाही." म्हातारा, दमलेला आवाज. मागे ओली माती सरकावी तशी खसखस.

"काय दिसतंय, काका?"

"प्रवेश नाकारला… लाल अक्षरात."

तिच्या मोबाइलवर साइट झक्क चालत होती. म्हणजे दोष त्यांच्याकडचा! तक्रारी ऐकणाऱ्याला याहून मोठं सुख नाही.

"दुसऱ्या नेटवर्कवरून बघा."

"इथे एकच आहे."

"ऑफिसात आहात का?"

"सगळे रांगेत असतो. बोलायला बंदी."

सातिवलीच्या कारखान्यांतली एखादी कंपनी असणार, असं सालोमीने ठरवून टाकलं. "मग तुमच्या नेटवर्कची राखणदार भिंत, फायरवॉल, अडवतेय. राहू दे, नाव मला सांगा, मीच टाकते."

काकांनी नाव सांगितलं असावं. ऐकू आली ती नुसती खसखस.

"बघ… बोललं की नाव विरून जातं. लिहू दे मला."

आवाजातल्या त्या काकुळतीने सालोमीला गलबलून आलं. मग तिच्या तोंडून सवयीचंच वाक्य निघालं, "असं करा, फायरवॉल दोन मिनिटं बंद करून बघा."

पलीकडे काहीतरी जड, गंजलेलं करकरलं. साइटवर नवं नाव उमटलं: आगुस्तीन.

"आलं, काका! तुमचे कोण हे?"

"मीच. घरचे विसरले, बाय."

सालोमीने साइटवरचं ते नाव पुन्हा वाचलं. तरी सवय कुठे सुटते! "का… काका, आता ती पुन्हा चालू करा हां."

"कशी करू? अडवणाराही निघाला… सगळेच निघाले." फोन बंद झाला.

बाहेर फाटक वाजलं. मम्मी लंगडत खिडकीशी गेली नि कुरकुरली, "काय बाई माणसं! आत्ता अंगण झाडलं, नि यांच्या अंगावर ही माती! म्हणतात, आमचीपण नावं घ्या."

मग तिने पडदा हळूच ओढून घेतला.

"सालोमी… सगळ्यांच्या पुढे पप्पा उभे आहेत गं. त्यांचं नाव टाकलंस ना तू?"

"मला वाटलं, तू टाकलंस…"

बाहेरून कुणीतरी, अगदी घरच्यासारखी, दाराची कडी काढली.