तारेचे ब्रेक

अण्णांची गाडी दोनच माणसांची होती. हिरवी, लांब नाकाची, वरून उघडी. पाऊस आला तर कॅनव्हास ओढून घ्यायचं. देहूरोडच्या छावणीतला एक इंग्रज अधिकारी मायदेशी परतताना ती त्यांना विकून गेला होता. १९५७ सालीही चिंचवडातून ती निघाली की लोक सायकलवरून उतरून बघत. तिचे ब्रेक तारेचे होते. पेडल दाबलं की तारा ओढल्या जायच्या आणि चाकं धरली जायची. तारा ढिल्या पडत, म्हणून सुट्टीच्या दिवशी अण्णा गाडीखाली झोपून त्या आवळत. नव्या गाड्यांसारखे तेलाचे ब्रेक बसवून घ्या, असं सगळे सांगत. अण्णा म्हणत, "तार तुटायच्या आधी कुरकुरते. तेल न सांगता जातं."

ते त्याच गाडीत गेले. रेल्वे फाटकाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांचं हृदय थांबलं. फाटक बंद होतं. गाडी फाटकापाशी नीट उभी होती आणि अण्णांचा पाय ब्रेकवर होता. गॅरेजवाल्या कोंडाजीने आधी चाकांपुढे दगड लावले, मग दौलतकाकांनी, अण्णांच्या धाकट्या भावाने, तो पाय दोन्ही हातांनी उचलला. पाय सहज निघाला नाही, एवढंच काका एकदा म्हणाले होते.

दहाव्याला पवनेच्या घाटावर कावळा शिवेना. कावळे झाडावर होते, पिंडाकडे बघत होते. काका हात जोडून एकेक बोलत राहिले. कुमुदला, म्हणजे मला, अंतर देणार नाही. घर विकणार नाही. ऊन चढलं. गुरुजी दर्भाचा कावळा करायला लागले, तेव्हा मागून कोंडाजी म्हणाला, "गाडीचं बोला की, दौलतराव."

"दादा, गाडीत काही बदल करणार नाही," काका म्हणाले.

कावळा लगेच उतरला.

मी पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत काम करत होते. भुकेला कावळा कधीतरी उतरणारच, असं मी स्वतःला सांगितलं. तरी घाटाच्या पायऱ्या चढताना मागे वळून पाहिलं नाही.

गाडी चालवायला मला अण्णांनीच शिकवलं होतं. मी ती घेऊन कामावर जाऊ लागले. आसनाला अजून त्यांच्या तपकिरीचा वास होता. आई मी लहान असतानाच गेली होती. घरात आता हा वास एवढाच उरला होता.

फाटकाच्या उतारावर पहिल्यांदा जाणवलं ते इतकं बारीक होतं की मी सोडून दिलं. ब्रेकसाठी पाय उचलला तर पेडल आधीच थोडं खाली गेलेलं होतं. पुढे ते रोज होऊ लागलं. त्याच उतारावर, फाटक उघडं असो की बंद. पेडल खाली जायचं, गाडी मंदावायची, मग माझा पाय पोचायचा.

लेथवरचं लोखंड पडून अण्णांच्या उजव्या पायाचा अंगठा तुटला होता. ते ब्रेक पावलाच्या बाहेरच्या कडेने दाबत, म्हणून पेडलचं रबर उजव्या कोपऱ्यात झिजायचं. मी नवं रबर बसवलं. तेही उजव्या कोपऱ्यातच झिजू लागलं. मीही तसाच पाय टाकत असेन, असं वाटून एकदा त्यावर खडू फासला आणि फाटकापर्यंत जाऊन आले. माझ्या चपलेच्या मध्यभागी खडूचा पट्टा उमटला होता. रबराच्या मधला खडू पुसला गेला होता.

आणि उजव्या कोपऱ्यातलाही.

मी हे कुणाला सांगितलं नाही.

मग पिंपरीच्या बाजारात कडब्याची बैलगाडी आडवी आली. काका शेजारी होते. मी सगळा जोर लावला, तरी गाडी थांबली ती बैलाच्या शेपटीला टेकून. तिथे माझ्याआधी पेडल दाबणारं कुणी नव्हतं. काका तिथून मला थेट कोंडाजीच्या शेडवर घेऊन गेले.

"तेलाचे बसवू," कोंडाजी म्हणाला. "खंडाळ्याच्या घाटात गेलेल्या गाडीचा सगळा संच पडलाय माझ्याकडं. पाय टेकला की गाडी हुबी."

"घाटात गेलेल्या?" मी विचारलं.

"ब्रेकनं न्हाई गेली, ताई. डायवर पिलेला व्हता."

"आणि दहाव्याला तूच मला बोलायला लावलंस, त्याचं काय?" काकांनी विचारलं.

"तवा ऊन लागत व्हतं, दौलतराव. आन् भूक पन."

काका हसले नाहीत. "शब्द माझा होता, मोडायचा तर मीच मोडीन. पण गाडी तू चालवतेस, कुमुद. तू सांग."

मी बसवा म्हणाले. बैलगाडीचं निमित्त त्या दोघांसाठी होतं. मला माझ्याच पायाचं ऐकणारं पेडल हवं होतं. ज्या माणसासाठी मी रोज रडत होते, त्यालाच मी गाडीतून उतरवायला निघाले होते.

गाडी शेडमध्ये ढकलायला गेलो तर ती हलेना. हँडब्रेक सोडलेला होता. चाकं जाम होती.

"आत कुनी बसलंय का काय," कोंडाजी म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला.

मी वाकून पाहिलं. पेडल तळाला टेकलेलं होतं.

"स्प्रिंग अडकली असंल." त्याने तिथेच गाडीखाली शिरून तारा कापल्या. शेवटची कापली तशी गाडी आपणहून पुढे सरकली.

काम उरकल्यावर कोंडाजीने चाकाखाली लिंबू ठेवलं. नवं पेडल दोनदा खाली-वर करून दाखवलं. ब्रेक खरोखर चांगले होते. मी बसायला गेले तर काकांनी दार धरलं.

"पहिली फेरी माझी. शब्द मी मोडलाय ना? दादा ओरडायचा तर मला ओरडू दे. फाटकापर्यंत जाऊन येतो."

"मी पण येते."

"चहा सांगून ठेव."

लिंबू फुटलं. काका वळण घेऊन उताराला लागले आणि दिसेनासे झाले. इंजिनाचा आवाज येत राहिला.

कोंडाजी रॉकेलने हात धूत होता. जुनं पेडल मी त्याच्याकडून मागून घेतलं होतं. ते स्प्रिंगसकट साफ करण्यासाठी त्याने बाकावरच्या पकडीत आवळून ठेवलं होतं. कापलेली तार खाली लोंबत होती. पेडल आता कशालाच जोडलेलं नव्हतं.

लांबून पुण्याच्या बाजूने आगगाडीचा भोंगा आला.

पेडल हललं.

हळू, नेहमीसारखं. मग एकदम तळापर्यंत. स्प्रिंग ताणून पांढरी दिसू लागली. बाक करकरला. रबराचा उजवा कोपरा आत दबला होता.

"ताई," कोंडाजी म्हणाला. त्याच्या हातातून रॉकेल गळत होतं.

मी पेडलवर दोन्ही हात ठेवले. मलाही ते दाबायचं होतं. पण त्याला आणखी खाली जायला जागाच नव्हती. रबर कोमट होतं.

भोंगा पुन्हा वाजला. या वेळी तो थांबेना.

फाटकाकडे काहीतरी आदळलं आणि इंजिनाचा आवाज बंद झाला.

माझ्या तळव्यांखाली पेडल सावकाश वर आलं, कुणी पाय काढून घ्यावा तसं.