एकेरी हाक

मेच्या सुट्टीत कुजूच्या ज्वालामुखीवर जायचं ठरलं. बायकोला रजा मिळाली नाही, म्हणून मी, सात वर्षांची लेक चिनामी आणि सासरे. सासऱ्यांची पन्नास वर्षं त्याच डोंगराच्या रानात देवदार तोडण्यात गेलेली. मी शाळेत विज्ञान शिकवतो. आमचं छान जमायचं, पण तासभरच.

गुडघ्यांमुळे ते खाली गाडीपाशीच थांबणार होते. आंबट प्लम घातलेले भाताचे गोळे चिनामीच्या पिशवीत कोंबत म्हणाले, "धुकं आलं तर दोनदा हाक मारायची हं. माणूस दोनदा मारतो. धुक्यात जे असतात, त्यांना एकदाच जमते. एकेरी हाकेला ओ द्यायची नाही."

"का, त्यांची बॅटरी संपते?" मी म्हणालो.

चिनामी खिदळली. सासरे हसले नाहीत. "मास्तर, शहाणपण शाळेत ठेवून यायचं होतंत."

मग काय, पोरीला खेळच मिळाला. "बाबा, बाबा! फूल बघा." "बाबा, बाबा! पाणी." वर जाईपर्यंत माझे कान किटले.

खडकांवरच्या पिवळ्या खुणा धरून आम्ही चढलो. सडक्या अंड्यांचा वास, पायाखाली कोमट माती, डावीकडे वाफ सोडणारी भोकं. खिंडीत चिनामी बुटाची नाडी बांधायला बसली. मी दहा पावलं पुढे गेलो आणि वळलो. मागे नुसतं पांढरं होतं.

"चिनामी! चिनामी!"

वाफेची फुसफुस तेवढी ऐकू येत होती. हिच्या आईला काय सांगू?

"बाबा!"

एकदाच. आणि वाफेच्या भोकांकडून, जिकडे वाट नाही.

सासऱ्यांचं बोलणं मला आठवलं, खोटं कशाला बोलू? पण कोणता बाप गप्प राहील?

"ओ! इकडे ये!"

ती धुक्यातून आली. लाल टोपी, नाडी अजून सुटलेलीच. मी तिला छातीशी धरून रडलो. तिचा हात तिथल्या दगडांसारखा ऊन लागला.

उतरताना ती गप्पच होती.

"दमलीस?"

"हो."

खाली ती मुकाट्याने मागच्या सीटवर जाऊन बसली. सासरे तिच्याकडे बघत राहिले. मग गाडीतून उतरले.

"हाक किती वेळा आली?"

"पोर आली ना परत? झालं तर!" मी ओरडलोच.

त्यांनी माझं मनगट धरलं.

"ऐका."

वर, धुक्यात, खूप लांबून.

"बाबा! बाबा!"

मी वरच्या वाटेकडे वळलो.

"बाबा! बाबा!"

मागच्या सीटवर तिने हात पुढे केला आणि खिडकीची काच हळूच वर सरकवली.